असमिया वृत्तवाहिन्या: मराठी वाचकांकडून वारंवार येणारे प्रश्न

जून २०२२ मध्ये आपल्याकडचे आमदार गुवाहाटीच्या हॉटेलात जाऊन राहिले, आणि माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी आयुष्यात पहिल्यांदा एखादी असमिया वाहिनी उघडून बघितली. मी त्याआधी काही वर्षं गुवाहाटीत राहिले होते, म्हणून प्रश्न माझ्याकडे यायला लागले. ते अजून थांबलेले नाहीत. परत परत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात गुंतलं असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. असमिया बातम्यांची वाहिनी एकच आहे की बऱ्याच?

बऱ्याच आहेत, आणि सगळ्यांचं बस्तान मुख्यतः गुवाहाटीत. न्यूज लाइव्ह, डीवाय ३६५, प्राग न्यूज, प्रतिदिन टाइम आणि न्यूज१८ असम/नॉर्थ ईस्ट ही नावं सगळ्यात जास्त कानावर पडतात. सरकारी बाजूला डीडी असम आहे.

गुवाहाटी दूरदर्शन केंद्र २४ मार्च १९८५ रोजी सुरू झालं. खासगी उपग्रह वाहिनीचा पहिला प्रयोग २००४ मध्ये एनई टीव्हीने केला. २००८ मध्ये न्यूज लाइव्ह आणि डीवाय ३६५ एकाच वर्षी आल्या. चोवीस तास आपल्या भाषेत बातम्या बघायची सवय लोकांना खरी लागली ती तिथपासून. डीडी असम चोवीस तासांची झाली ४ ऑगस्ट २०२० ला, आणि तिचं उद्घाटन केलं तेव्हाचे माहिती व प्रसारण मंत्री, आपले पुण्याचे प्रकाश जावडेकर यांनी.

२. "आसामी वाहिनी" म्हटलं तर चालेल का?

शक्यतो नको. मराठीत आसामी म्हणजे इसम, "बडी आसामी" मधला. हिंदी-बंगालीत तोच शब्द आरोपीसाठी वापरतात, आणि असमिया गुन्हेवार्तांमध्येही तो त्याच अर्थाने ऐकू येतो. भाषेला आणि माणसांना असमिया म्हणावं. तिथले लोक स्वतःला तेच म्हणतात.

३. भाषा येत नाही. तरी बातम्या समजतील का?

पंधरा दिवस रोज अर्धा तास द्या, निम्म्याहून जास्त समजायला लागेल. मी हे उत्तेजन म्हणून सांगत नाही, माझं स्वतःचं तसंच झालं. घर, हात, पानी, नाम हे शब्द तर जसेच्या तसे आहेत. "आजि" म्हणजे आज. "नाइ" म्हणजे नाही. "सकलो" म्हणजे सगळे, आपल्या "सकळ" चा सख्खा भाऊ. बातमीला "बातरि" म्हणतात. "थेट प्रक्षेपण" साठी "पोनपटीया" हा शब्द येतो, तो मात्र पाठच करावा लागतो.

अडचण अर्थाची नाही, कानाची आहे. दोन गोष्टी एकदा पक्क्या केल्या की कान उघडतो.

पहिली गोष्ट: तिथे च आणि छ यांचा उच्चार स होतो. चहाला लिहितात "चाह", बोलतात "साह". म्हणून बाहेरून आलेला जो शब्द स ऐकू येतो तो लिहिताना च ने लिहितात. पडद्याखालच्या पट्टीत "चरकार" दिसलं तर ते सरकार, "चहर" म्हणजे शहर, "पुलिच" म्हणजे पोलीस. पहिल्या आठवड्यात मी "चरकार" हे कुणाचं तरी आडनाव समजत होते.

दुसरी गोष्ट: लिहिलेला श, ष, स बोलताना घशातून येतो, ख आणि ह यांच्या मधला. असमचा उच्चार म्हणूनच "अखम" च्या जवळ जातो. काही शब्दांत तो सरळ ह होऊन लिहिलाही जातो. माणूस तिथे "मानुह" आहे, आणि मावशी "माही". याशिवाय त आणि ट त्यांच्या तोंडी एकच असतात. ते ऐकून गोंधळू नका, संदर्भावरून उमगतं.

४. ही बंगालीच आहे ना? लिपी तर तीच दिसते.

नाही. हा प्रश्न गुवाहाटीत विचारू नका, समोरचा माणूस दुखावतो, आणि त्याचं कारण खरं आहे. इंग्रजी अमदानीत १८३६ पासून १८७३ पर्यंत आसामच्या कचेऱ्यांत आणि शाळांत बंगालीच चालवली गेली. असमिया ही स्वतंत्र भाषा आहे हे सिद्ध करण्यात एका पिढीची उमेद खर्ची पडली. शिवसागरहून १८४६ पासून निघणारं "अरुणोदय" हे असमियातलं पहिलं नियतकालिक त्याच काळातलं. आज चोवीस तास असमिया बोलणारी वाहिनी घरात चालू असते, त्यामागे एवढं सगळं आहे.

लिपी सख्खी आहे, तरी दोन अक्षरं वेगळी. असमिया र च्या पोटात तिरकी रेघ असते, बंगाली र खाली टिंब. आणि व साठी असमियात वेगळं अक्षर आहे, जे आजच्या बंगालीत नाही. ब आणि व वेगळे मानणाऱ्या मराठी माणसाला त्यामुळे असमिया वाचणं उलट सोपं जातं. आकड्यांचा मात्र फसवा प्रकार आहे: त्यांचा चार इंग्रजी आठसारखा दिसतो आणि सात इंग्रजी नऊसारखा. पट्टीतला मृतांचा किंवा पाण्याचा आकडा वाचताना हे लक्षात ठेवा.

जाता जाता: ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात दर्जा दिला, त्याच निर्णयात असमियाही होती. सोबत पाली, प्राकृत आणि बंगाली.

५. महाराष्ट्रात बसून बघायच्या कुठे?

सगळ्यात सोपं यूट्यूब. बहुतेक वाहिन्यांचं थेट प्रक्षेपण तिथे चालू असतं. डीटीएचवर एखादी वाहिनी मिळेल, एखादी नाही. आपल्या कंपनीची यादी बघा किंवा केबलवाल्याला नाव सांगून विचारा. घरी डीडी फ्री डिश असेल तर आधी डीडी असम शोधा.

६. पावसाळ्यात पडद्यावर गावांची नावं आणि मीटरमधले आकडे येतात, ते काय असतात?

ते ब्रह्मपुत्रेच्या पाण्याच्या पातळीचे आकडे. नदीकाठच्या ठरलेल्या ठिकाणी केंद्रीय जल आयोग पातळी मोजतो, आणि प्रत्येक ठिकाणाची धोक्याची पातळी ठरलेली आहे: दिब्रुगडला १०५.७० मीटर, निमातीघाटला ८५.०४, तेजपूरला ६५.२३, गुवाहाटीला ४९.६८, गोआलपाड्याला ३६.२७ आणि धुबरीला २८.६२. ही नदीची खोली नव्हे, समुद्रसपाटीपासूनची उंची आहे. वरून खाली आकडे उतरत जातात ते नदी पूर्वेकडून पश्चिमेकडे उतरते म्हणून. जोडीला राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं रोजचं पूरपत्रक असतं: किती गावं पाण्यात, किती माणसं मदत छावण्यांत, किती हेक्टर पीक बुडालं.

आमच्या घरमालकीणबाईंना आम्ही माही म्हणायचो. त्यांचं माहेर माजुलीचं, ब्रह्मपुत्रेच्या मधोमध असलेल्या बेटावरचं. जुलैत संध्याकाळी बातम्या लागल्या की त्या पंखा बंद करायच्या, कारण जुन्या पंख्याच्या आवाजात निवेदिकेचं नीट ऐकू येत नसे. बाकी बातम्यांना हातातली तामोल, म्हणजे सुपारी, कातरायचं थांबायचं नाही. आडकित्ता चालू असायचा. निमातीघाटचा आकडा आला की आडकित्ता थांबायचा. निमातीहून माजुलीची फेरीबोट सुटते. पाणी चढलं की फेरी बंद, आणि फेरी बंद म्हणजे भावाकडे जायचा रस्ता बंद. "पंच्याऐंशीच्या खाली आहे," एवढं स्वतःशी म्हणून त्या पंखा परत लावायच्या.

मुंबईत लोकलची स्थिती जशी घराघरांत ऐकतात, तसे तिथे हे आकडे ऐकतात. दिल्लीच्या वाहिन्यांवर पूर दोन दिवस येतो आणि जातो. तिथे तो जूनपासून सप्टेंबरपर्यंत असतो, आणि तो रोजच्या रोज सांगणारं कुणीतरी लागतं. या वाहिन्यांचं सगळ्यात मोठं काम मला हेच वाटतं. पुराइतकाच ऐकू येणारा दुसरा शब्द "गराखहनीया", म्हणजे नदीने काठ खाणं. पुराचं पाणी ओसरतं, शेत परत दिसतं. गराखहनीयात गेलेलं शेत परत येत नाही. कॅमेऱ्यासमोर सुपारीची बाग एका बाजूने नदीत कोसळताना मी बघितली आहे, आणि मागे त्या बागेचा मालक एक शब्द न बोलता उभा होता.

७. २०२२ मध्ये आपले आमदार तिथे होते तेव्हा तिथल्या वाहिन्या काय दाखवत होत्या?

दोन्ही. हॉटेलचं फाटकही आणि पूरही. आमदार २२ जूनला पहाटे सुरतेहून गुवाहाटीत पोचले आणि २९ जूनला गोव्याला गेले. त्याच आठवड्यात दक्षिण आसामच्या बराक खोऱ्यातलं सिलचर शहर पाण्याखाली होतं. बेथुकांदीचा बंधारा फुटून बराक नदीचं पाणी शहरात शिरलं होतं, आणि लोक घरांच्या वरच्या मजल्यांवर अडकून पिण्याच्या पाण्याची वाट बघत होते.

आपण इकडे "काय झाडी, काय डोंगार" ऐकत होतो. गुवाहाटीतल्या मैत्रिणीने मला तेव्हा फोनवर विचारलं, "तुमच्याकडे सिलचर दाखवतात का?" मला नाही म्हणावं लागलं. तेव्हापासून जो कोणी विचारतो त्याला मी सांगते: आसामचं काही समजून घ्यायचं असेल तर आसामच्या भाषेतली बातमी लावा, अर्धीमुर्धी समजली तरी चालेल.

८. तिकडे सगळं इतक्या लवकर कसं सुरू होतं?

सूर्य लवकर उगवतो म्हणून. जूनमध्ये गुवाहाटीत पहाटे साडेचारला उजाडतं, मुंबईत सहाला. डिसेंबरमध्ये तिथे दुपारी साडेचारला सूर्य मावळतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. चहाच्या मळ्यांत तर आजही घड्याळ तासभर पुढे ठेवतात, त्याला "बागान टाइम" म्हणतात. हिवाळ्यात पाच वाजता काळोख पडलेला असतो, माणसं घरी आलेली असतात, आणि टीव्ही लागलेला असतो.

९. एक वाहिनी मुख्यमंत्र्यांच्या घरची आहे म्हणतात. खरं का?

न्यूज लाइव्ह ही प्राइड ईस्ट एंटरटेनमेंट्स या कंपनीची वाहिनी. कंपनीच्या प्रमुख रिनिकी भुयाँ सरमा, आणि त्या मे २०२१ मध्ये मुख्यमंत्री झालेल्या हिमंत बिस्व सरमा यांच्या पत्नी आहेत. यात लपवाछपवी काही नाही, आसाममध्ये सगळ्यांना माहीत आहे. प्रतिदिन टाइम ही "असमिया प्रतिदिन" दैनिक काढणाऱ्या सादिन-प्रतिदिन समूहाची. न्यूज१८ नेटवर्क१८ ची.

१०. मग विश्वास कोणावर ठेवायचा?

"सामना" कोणाचा आहे हे माहीत असूनही आपण तो वाचतोच, फक्त ते ध्यानात ठेवून वाचतो. इथेही तेच करा. पाण्याची पातळी, रस्ता बंद, परीक्षेची तारीख यांत मालक कोण याने फारसा फरक पडत नाही. जमिनीचे व्यवहार, निवडणूक, निष्कासन मोहिमा (वस्त्या हटवणं) अशा बातम्या निदान दोन वेगळ्या मालकांच्या वाहिन्यांवर बघा. कोणी काय सांगितलं यापेक्षा कोणी काय गाळलं हे त्यातून जास्त कळतं.

११. एनआरसी, डी-व्होटर, चर असे शब्द सारखे येतात. थोडक्यात सांगाल?

थोडक्यात सांगणं अवघड आहे, कारण प्रत्येक शब्दामागे माणसं आहेत. तरी किमान एवढं माहीत हवं.

सगळ्याच्या मुळाशी १५ ऑगस्ट १९८५ चा आसाम करार. परदेशी नागरिकांविरुद्धच्या सहा वर्षांच्या आंदोलनानंतर तो झाला, आणि परदेशी कोण हे ठरवायला २४ मार्च १९७१ ची मध्यरात्र ही सीमारेषा मानली गेली. एनआरसी म्हणजे त्या सीमारेषेनुसार केलेली नागरिकांची नोंदवही. ३१ ऑगस्ट २०१९ ला तिची अंतिम यादी आली: ३,११,२१,००४ नावं आत, १९,०६,६५७ बाहेर. डी-व्होटर म्हणजे ज्याच्या नागरिकत्वावर शंका घेऊन मतदार यादीत नावापुढे खूण केली आहे असा मतदार; ही पद्धत १९९७ पासूनची. चर म्हणजे नदीतली वाळूची बेटं, जी पुरात सरकतात, बुडतात, परत वर येतात. तिथे राहणाऱ्याचा पत्ताच नदी बदलते, तर कागद जपणार कसे?

या विषयावर वाहिन्यांवरच्या चर्चा तापतात. स्वतःच्या भूमीत आपण अल्पसंख्य होऊ ही असमिया माणसाची भीती खोटी नाही. २०११ च्या जनगणनेत आसाममध्ये असमिया मातृभाषा सांगणारे सुमारे १.५१ कोटी होते, राज्याच्या ४८ टक्क्यांच्या आसपास. आणि यादीत नाव नाही म्हणून झोप उडालेल्या बाईची भीतीही तेवढीच खरी. ज्या वाहिनीवर या दोघांनाही बोलू देतात, ती त्या दिवशी चांगली वाहिनी असं मी समजते.

१२. आसाममधले सगळेच लोक या वाहिन्या बघतात का?

नाही. बराक खोऱ्यात बंगाली चालते, आणि तिथे ती अधिकृत भाषाही आहे. १९ मे १९६१ रोजी सिलचर स्थानकावर त्या हक्कासाठी ११ जणांनी पोलिसांच्या गोळ्या झेलल्या. बोडो ही २०२० पासून राज्याची सहयोगी राजभाषा आहे. कार्बी, मिसिंग, मळ्यांतली सादरी हे वेगळंच. म्हणून "आसामचं मत" असं एका वाहिनीवरून ठरवू नका. प्रश्न ४ मधल्या दुखाव्याची दुसरी बाजू सिलचरमध्ये भेटते.

१३. सप्टेंबर २०२५ मध्ये सगळ्या वाहिन्यांवर दिवसेंदिवस एकाच गायकाची बातमी का होती?

गायक झुबिन गर्ग १९ सप्टेंबरला सिंगापूरमध्ये वारले. बाहेरच्यांना ते हिंदी गाण्यांमुळे माहीत, पण असमियांसाठी ते घरातले होते. अंत्यदर्शनाला सरुसजाईच्या क्रीडांगणावर लोटलेली गर्दी आणि २३ तारखेला कमारकुचीला झालेले अंत्यसंस्कार सगळ्यांनी थेट दाखवले. त्या दिवसांत वाहिन्या बातम्या देत नव्हत्या, सुतकात बसल्या होत्या. निवेदक पडद्यावर रडत होते, आणि मला त्यात काही खटकलं नाही. नंतर मृत्यूबद्दल जे तर्क तासन् तास चालले ते खटकले. तपास चालू असताना कुणालाही दोषी ठरवणं हे वाहिनीचं काम नाही.

१४. एप्रिलमध्ये बातम्यांऐवजी रात्रभर नाचगाणी का?

रोंगाली बिहू. एप्रिलच्या मध्यापासून गावोगावच्या आणि गल्लोगल्लीच्या मंचांवरून थेट कार्यक्रम चालतात. गुवाहाटीत लताशिल मैदानावरचा बिहू १९५२ पासूनचा. बघाच.

१५. तिथे पत्रकारिता धोक्याची आहे का?

होती, आणि पूर्ण गेलेली नाही. १७ मे १९९६ रोजी "असमिया प्रतिदिन" चे कार्यकारी संपादक पराग कुमार दास यांना गुवाहाटीत दिवसाढवळ्या गोळ्या घातल्या गेल्या. मुलाला शाळेतून आणायला गेले होते. त्या खुनाची शिक्षा कोणालाही झाली नाही. प्रश्न ९ मधला समूह तोच.

दुसऱ्या बाजूचाही प्रसंग सांगायला हवा. ९ जुलै २०१२ च्या रात्री गुवाहाटीच्या जी. एस. रोडवर जमावाने एका मुलीवर हात टाकला आणि ते चित्रण टीव्हीवरून देशभर गेलं. त्यावरून हल्लेखोर ओळखले गेले हे खरं. पण कॅमेरा चालू ठेवायचा की आधी मुलीला सोडवायचं, हा प्रश्न तिथल्या प्रत्येक वृत्तकक्षात तेव्हा विचारला गेला. माझ्या लेखी उत्तर एकच: आधी मुलगी.

१६. बातमी चुकीची किंवा आक्षेपार्ह वाटली तर तक्रार कुठे करायची?

आधी वाहिनीकडेच, लेखी. २०२१ च्या केबल टीव्ही नियमांनुसार वाहिनीने २४ तासांत पोच द्यायची आणि १५ दिवसांत निर्णय कळवायचा. समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत ती वाहिनी ज्या स्वयंनियामक संस्थेची सदस्य आहे तिच्याकडे अपील करता येतं, आणि त्यानंतर केंद्राच्या देखरेख यंत्रणेकडे. तारीख, वेळ, कार्यक्रमाचं नाव लिहा आणि पडद्याचा फोटो जोडा. तक्रार इंग्रजीत किंवा हिंदीत केली तरी चालते.

१७. व्हॉट्सॲपवर "गुवाहाटी बुडाली" अशी क्लिप आली. खरी की जुनी, कसं ओळखायचं?

आधी कोपऱ्यातलं वाहिनीचं चिन्ह आणि पट्टीतली तारीख बघा; आकडे वाचताना प्रश्न ४ मधला चार-आठचा घोटाळा आठवा. चिन्ह पुसट केलेलं किंवा कापलेलं असेल तर पुढे पाठवू नका. मग त्या वाहिनीच्या यूट्यूब पानावर त्या दिवसाचं बातमीपत्र काढा.

इथे एक मेख आहे. गुवाहाटीची पातळी ४९.६८ च्या बरीच खाली असतानाही अनिल नगर, नवीन नगर, रुक्मिणीगाव या भागांत कमरेइतकं पाणी असू शकतं. ते ब्रह्मपुत्रेचं नसतं. तासाभराचा जोराचा पाऊस, मेघालयाच्या टेकड्यांवरून उतरणारे लोंढे, बुजत गेलेले बील (पाणथळ तळी) आणि तुंबलेला भरलू नाला यांचं ते पाणी. बातम्यांत त्याला "कृत्रिम बान" म्हणतात. तेव्हा नदीचा आकडा कमी दिसतो एवढ्यावरून क्लिप खोटी ठरवू नका. पट्टीत "बानपानी" (नदीचा पूर) आहे की "कृत्रिम बान", ते आधी वाचा.